मुकादम मॅडमचे सरदार

१७ जानेवारी २०२४, बुधवार. मुरुडचं दुय्यम निबंधक कार्यालय, सकाळी साडेअकरा. काम: काशीदच्या अलीकडे आमच्या गावी, रस्त्याला लागून असलेल्या नारळी-पोफळीच्या वाडीपैकी अठरा गुंठ्यांची विक्री. दर गुंठ्याला पाच लाख, एकूण रक्कम नव्वद लाख रुपये. हजर: घेणारे मुंबईचे एक गृहस्थ व त्यांचे वकील. देणारे तिघे, म्हणजे मी, माझा चुलतभाऊ प्रकाशदादा आणि आमची आत्या. ओळख पटवणारे साक्षीदार दोन. याखेरीज खिडकीजवळच्या बाकावर एक ऐंशीच्या घरातल्या बाई बसल्या होत्या. फिकट सुती साडी, डोक्यावरून पदर, घड्याळ उजव्या मनगटावर, मांडीवर कापडी पिशवी. दस्ताची एकोणीस पानं मी दोनदा वाचली आहेत. त्यांचं नाव एकाही पानावर नाही. पण देणारे दोनाचे तीन झाले ते त्यांच्यामुळे, आणि ते कुठेतरी नोंदलेलं असावं म्हणून हे लिहितो आहे.

त्यांचं नाव झुलेखा मुकादम. आम्ही मुकादम मॅडम म्हणत असू. मुरुडच्या कॉलेजात त्या मला अकरावी-बारावीत इतिहास शिकवायला होत्या. जगाच्या इतिहासाच्या पुस्तकात इंग्लंडच्या मध्ययुगाला साडेतीन पानं होती. मॅडम त्या साडेतीन पानांना सहा आठवडे घेत. उरलेलं जग मग जानेवारीत धावत उरकायचं. परीक्षेत काय येणार हे त्यांना विचारलं तर म्हणत, ‘ते पुस्तकात आहे, वाचा. मी पुस्तकात नाही ते सांगते.’

पुस्तकात नव्हतं ते म्हणजे एक सरदार घराणं. सातशे वर्षांपूर्वीचं, इंग्लंडच्या पश्चिमेकडचं. त्याचं इंग्रजी नाव त्या फळ्यावर एकदाच लिहीत आणि पुसून टाकत, कारण पहिल्या वर्षी त्याचा उच्चार करताना अख्खा वर्ग हसला होता. त्यानंतर ते घराणं ‘माझे सरदार’ झालं. पहिले सरदार, दुसरे सरदार, त्यांच्या बायका, मुलं, जमिनी, गिरण्या, माशांची तळी. आम्हाला त्या घरातली माणसं आमच्या गल्लीतल्या माणसांइतकी ठाऊक झाली. कोण कधी मेलं, मागे काय ठेवलं, ते कोणाला मिळालं, एवढंच मॅडमना महत्त्वाचं. लढाया त्यांनी कधी शिकवल्या नाहीत. लढाईत सरदार मेला तर म्हणायच्या, ‘मेला. आता वारस कोण?’

त्या काळी तिथे सरदार मेला की राजाचा अधिकारी गावात येई. गावातली बारा माणसं जमवी, त्यांना शपथ घाली आणि विचारी: मयताकडे कुठली जमीन होती, तिचं उत्पन्न किती, आणि सर्वांत जवळचा वारस कोण, त्याचं वय काय. बारा माणसं सांगतील ते कातड्याच्या कागदावर उतरे. ते कागद अजून शिल्लक आहेत. मॅडमनी ते कधी पाहिले नव्हते, त्या इंग्लंडला गेल्याच नाहीत. पण त्यांचा सारांश छापलेले जाड ग्रंथ मुंबईच्या एका ग्रंथालयात होते. दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत त्या मांडव्याहून लाँचनं मुंबईला जात, मावशीकडे राहत, आणि दिवसभर बसून ते हातानं उतरवून आणत. अशा आठ वह्या झाल्या होत्या. त्यातून पीएच.डी. करायची होती, ती झाली नाही. आधी वडील अंथरुणाला खिळले, मग आई. त्याबद्दल त्यांनी कधी हळहळ केलेली मला आठवत नाही. वह्या मात्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तांदळाच्या डब्यावर, ओल लागणार नाही अशा जागी असत.

त्यांच्या वर्गात एक गोष्ट कोणीच विसरलेलं नाही. सरदाराच्या विधवेला नवऱ्याच्या जमिनीचा तिसरा हिस्सा हयातभर मिळे. मॅडमनी फळ्याचे खडूनं तीन भाग केले आणि एका भागावर ‘बाई’ असं लिहिलं. दांडेकरांची एक मुलगी उठून म्हणाली, मॅडम, तिनं दुसरं लग्न केलं आणि तोही मेला तर? मॅडमना इतका आनंद झाला की त्यांनी खडू खाली ठेवला. तर दुसऱ्याच्या जमिनीचाही तिसरा हिस्सा, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या सरदारांच्या घरात अशी एक बाई होऊन गेली होती. तीन नवरे, तीन घरांचे तीन हिस्से, आणि म्हातारी काही मरेना. तीन घरांतले तीन वारस तिच्या मरणाची वाट पाहत स्वतः म्हातारे झाले. मागून कोणीतरी म्हणालं की आमची आजी अशीच आहे. वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत, त्यांनी गंभीरपणे विचारलं, ‘तिच्या नावावर काय आहे?’ काही नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, ‘मग ती अशी नाही. नीट बोला.’

हजेरीसुद्धा त्या उलटी घेत. नावं वाचत नसत. वर्गावर एकदा नजर फिरवून विचारत, कोण राहिलं? न आलेल्याचं नाव आम्ही सांगायचं. शेजारचं कोण आलेलं नाही हे ठाऊक नसेल तर तुमचीही गैरहजेरी.

मी इतिहासात बावन्न गुण मिळवून वाणिज्य शाखेकडे वळलो. आज अलिबागजवळच्या एका कारखान्याच्या भांडारात आहे. आलेला माल, गेलेला माल, शिल्लक, हेच माझं काम. बोल्ट कमी भरला तरी मला जेवण जात नाही. पण मुरुडला गेलो की मॅडमकडे डोकावायची सवय राहिली. मोहल्ल्यातल्या त्यांच्या घराला ओटा होता, त्यावर एक वेताची खुर्ची आणि एक स्टूल. खुर्ची पाहुण्याला, स्टूल त्यांना. गवती चहा घातलेला कोरा चहा मिळे. भिंतीवर कॉलेजनं टाकून दिलेला जगाचा नकाशा उलटा टांगलेला, आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर सरदारांची वंशावळ काढलेली. मेलेल्यांची नावं काळ्या शाईत, वारसांची लाल. सगळेच मेलेले असल्यामुळे लाल नावंही पुढे काळी केलेली, फक्त खालचा लाल रंग कडेनं दिसायचा.

त्यांचे वडील आणि मागून आईही वारली तेव्हाची गोष्ट त्यांच्या भावजयीनं मला सांगितली. दोन भाऊ, दोघेही आखाती देशात, पैशाला तोटा नाही. ते म्हणाले, आपा, तू आईबापाला सांभाळलंस, घर तूच घे, सगळं. मॅडमनी नाही म्हटलं. त्यांच्या धर्माच्या हिशेबानं भावाला दोन वाटे तर बहिणीला एक. दोन भावांचे चार आणि यांचा एक, असे पाच. त्यांनी घराची, झाडांची आणि भांड्यांची किंमत करून घेतली, पाचानं भागलं आणि एक वाटा स्वतःच्या नावानं लिहून घेतला. एकही रुपया जास्त नाही, एकही कमी नाही. भाऊ रागावले. मी एकदा धीर करून विचारलं की मॅडम, ते देतच होते तर. त्या म्हणाल्या, ‘हिस्सा आधी मोजायचा. मोजून हातात घ्यायचा. मग सोडायचा असला तर सोड, कोण अडवतंय? न मोजता सोडलास तर तू सोडला नाहीस, तो गेला.’

भावांच्या चार वाट्यांचं भाडं त्या पुढची बावीस वर्षं दर सहा महिन्यांनी त्यांना पाठवत होत्या. भाऊ ते परत पाठवत. त्या पुन्हा पाठवत.

आता आमच्या वाडीविषयी. ती आजोबांनी स्वतः विकत घेतलेली, वडिलोपार्जित नव्हे. आजी त्यांच्या आधी गेली. आजोबा गेल्यावर तलाठ्यानं वारसांची चौकशी केली, पंचांनी सांगितलं दोन मुलगे, आणि सातबाऱ्यावर माझ्या वडिलांचं आणि काकांचं नाव लागलं. आता तेही दोघे नाहीत, आई आणि काकूही नाहीत. मी एकटा, प्रकाशदादा एकटा. दोन हजार तेवीसच्या पावसाळ्यानंतर गिऱ्हाईक आलं. नव्वदाचे निम्मे पंचेचाळीस. मी त्या पंचेचाळिसांची मांडणी करून ठेवली होती: घराचं कर्ज अकरा, मुलीचं शिक्षण चौदा, बायकोच्या गुडघ्यांचं ऑपरेशन पाच, उरलेले पंधरा म्हातारपणाला ठेव.

घेणाऱ्याच्या वकिलांनी जमिनीचा शोध घेऊन अहवाल पाठवला, तो इंग्रजीत होता. सात पानं. सही करण्यापूर्वी प्रत्येक शब्द कळला पाहिजे असा माझा नियम, म्हणून मी तो मॅडमकडे घेऊन गेलो. त्यांनी तो भिंगाखाली सावकाश वाचला. मध्ये एकदा चहा गार झाला म्हणून दुसरा करून आणला. शेवटी म्हणाल्या की इंग्रजी बरं आहे, चुका नाहीत. मग भिंग खाली ठेवून विचारलं, ‘दिनेश, तुझ्या आजोबांना मुलगी नव्हती?’

मी म्हटलं, आहे ना. आत्या. इथेच मुरुडला असते, लेकीकडे.

‘मग ती यात कुठे आहे?’

मी सातही पानं पुन्हा उलटून पाहिली, ती कुठेच नव्हती. कोणी खोटं बोललं नव्हतं. पंचांना विचारलं वारस कोण, त्यांनी मुलगे मोजले. वडिलांनी, काकांनी तेच मोजलं. आणि मी, ज्याला बोल्ट कमी भरला तर जेवण जात नाही, मीसुद्धा ते सात पानी कागद तीन वेळा वाचून गप्प होतो. आत्याला लपवून ठेवावं असं माझ्या मनातही आलं नव्हतं. ती मोजायची असते हेच आलं नव्हतं. आमच्याकडे बहीण येते ती हक्कसोड पत्रावर सही करायला, एक साडी घेऊन जायला. इथे तर तिच्या सहीचीही गरज उरली नव्हती.

 मॅडम उठून उलट्या नकाशापाशी गेल्या आणि शेवटच्या सरदाराखालच्या एका रेघेवर बोट ठेवलं. त्याला मुलगा नव्हता, तीन मुली होत्या. मुलीच असल्या तर त्या देशात सगळ्यांना सारखा वाटा. पण मधलीला सहाव्या वर्षी मठात घातलेलं. मठात गेलेली बाई कायद्यानं मेलेली समजत. बारा माणसांनी शपथेवर सांगितलं, मुली दोन. गिरण्या वाटल्या, तळ्यातले मासे एक वर्षाआड वाटले, सगळं दोघींत. मधली त्यानंतर चाळीस वर्षं जिवंत होती. मॅडमना ती आठ वह्यांत एकाच ठिकाणी सापडली होती, थोरल्या बहिणीनं तिला थंडीसाठी अस्तराचा झगा दिला त्या नोंदीत. वंशावळीवर तिचं नाव तेवढं पेन्सिलीनं लिहिलेलं होतं.

‘ते लोक वाईट नव्हते,’ मॅडम म्हणाल्या. ‘झगा चांगला होता.’

मी घरी आलो आणि बायकोला सांगितलं. तिनं कागदावर नव्वदाला तिनानं भागलं, तीस आले. पंचेचाळिसाचे तीस. मग ती म्हणाली की गुडघे राहू देत सध्या, पण आत्यांकडे दिवाळीला जायचं असतं आपल्याला.

आत्याचं वय अठ्ठ्याहत्तर. दिघीपलीकडे दिलेली. नवरा गेल्यावर लेकीकडे आली ती राहिली. लेक-जावई चांगले आहेत, पण घर दोन खोल्यांचं, आत्याचं अंथरूण स्वयंपाकघराच्या दारात पडे. आधी तिला विचारावं म्हणून मी मॅडमना घेऊन गेलो. आत्या हसायलाच लागली. ‘मना रं काय करायची जमीन? तुमी दोघं भावंडां हाव ना. कुठं सही करायची ती सांग.’

मॅडमनी तिला मोजायला लावलं. म्हणजे मला लावलं, तिच्यासमोर. अठरा गुंठे, दर पाच लाख, भागिले तीन. मी तीस लाख म्हटल्यावर आत्याचं हसू थांबलं. तिनं आकडा पुन्हा म्हणून घेतला. मग मॅडमकडे वळून विचारलं, सोडू का घेऊ? मॅडम म्हणाल्या की ते मी सांगायचं नाही, मी फक्त मोजून दिलं. आत्यानं दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी तिचा निरोप आला, लेकीच्या फोनवरून, स्वतःच्या आवाजात.

‘दिनेश, मना घ्यायचाय. मना एक दार पायजे. आतून कडी लावाया येल असा.’

प्रकाशदादाला हे पटणं शक्य नव्हतं, आणि त्याचंही एकदम चूक नव्हतं. त्याची काशीदला चार खोल्यांची पर्यटकांची सोय आहे. दोन वादळांत पत्रे उडाले, त्यात तो पोळला होता. त्याचे पंधरा लाख म्हणजे त्याचं छप्पर. तो म्हणाला, आत्या आत्या आहे, कोण नाही म्हणतंय, मी तिला लाखभर देईन. पण वारस म्हणून नाव लावायचं तर कागद दाखव. आणि कागद नव्हता. जन्माची नोंद नाही, शाळेत घातलेलं नाही. माहेरची वत्सला, लग्नात नाव बदलून सुनंदा झालेली. आधार कार्डावर सुनंदा, नवऱ्याचं नाव, नवऱ्याचं गाव. आमच्या आजोबांची वत्सला नावाची मुलगी होती आणि तीच ही, हे सांगणारं एक चिटोरंही नाही. दादा संमती देत नाही तोवर नोंद तक्रारी म्हणून अडकून राहणार आणि गिऱ्हाईक थांबणार नाही. मॅडम यात आहेत असं कळल्यावर तो म्हणाला, ‘तुझ्या मॅडमला सांग दिन्या, साक्षीला इंग्लंडच्या राजाला बोलाव. इथला तर कोणी जिता न्हाय.’

मी हे मॅडमना जसंच्या तसं सांगितलं. त्यांना राग आला नाही. राजा कधी साक्षीला येत नाही, असं म्हणून त्यांनी आठांतली पाचवी वही काढली. तिथे वारस लहान असला की त्याची जमीन राजाच्या ताब्यात जाई. तो वयात आला की ते सिद्ध करावं लागे, आणि जन्माचे दाखले तेव्हा तिथेही नव्हते. मग गावची माणसं बोलावत. त्यांना वारसाबद्दल विचारत नसत. तो जन्मला तो दिवस तुम्हाला कशावरून आठवतो, असं विचारत. एक म्हणे, त्या दिवशी मी गाडीवरून पडून पाय मोडला. दुसरा म्हणे, त्या आठवड्यात माझं घर जळालं. तिसऱ्याची बायको त्याच दिवशी बाळंत झालेली. मॅडम म्हणाल्या, ‘ही बाई अमक्याची मुलगी का, असं विचार, गाव हो म्हणेल. त्या होला किंमत नाही. माणसाला दुसऱ्याचा दिवस आठवत नाही, स्वतःचा आठवतो. दुसऱ्याचा त्याला चिकटून वर येतो.’

आणि ऐंशीव्या वर्षी त्या रिक्षात बसून माणसं शोधत फिरल्या. आठ दिवसांत सहा जणांना भेटल्या. चौघांचं त्यांनी टाकून दिलं. ती माणसं आम्हाला बरं वाटावं म्हणून बोलत होती. आमच्या गावचे एक म्हातारे तर शपथेवर सांगायला तयार होते की आत्याच्या बारशाचे पेढे त्यांनी खाल्ले. मॅडमनी त्यांचं वय विचारलं. ते आत्यापेक्षा तीन वर्षांनी लहान निघाले.

उरले दोघे. एक हिराबाई, कोळीवाड्यातली, पंच्याऐंशीच्या पुढची. मॅडम तिच्याजवळ जमिनीवर बसल्या आणि विचारलं की वाडीवरच्या वत्सीचं लग्न झालं तेव्हा तुमचं काय चाललं होतं. हिराबाई आधी आत्याचं कौतुक सांगू लागली, मॅडमनी थांबवलं. तुमचं सांगा. मग तिला आठवलं. नवीन लग्न झालेली ती, आणि आत्या तिची सोबतीण. हळदीच्या दिवशी तिनं जवळा वाळत टाकला आणि वत्सीकडे जाऊन बसली, गाण्यात रमली. परत आली तर राखणीला कोणी नाही, कावळ्यांनी अर्धा नेलेला.

‘सासूनं मना तीन दीस बोल लावला,’ हिराबाई म्हणाली. ‘म्हणं, वाडीवाल्याच्या लेकीची हळद तुना लय गोड लागली, आता तिच्या बापासकडं जवळा मागाया जा.’

आणि ती खरंच गेली होती. आमच्या आजोबांनी तिला जवळ्याबद्दल शंभर सुपाऱ्या मोजून दिल्या होत्या. मॅडमनी हे सगळं तिच्याच शब्दांत लिहून घेतलं, ‘वाडीवाल्याच्या लेकीची’ याखाली रेघ मारली.

दुसरे इब्राहिमचाचा, मॅडमच्या मोहल्ल्यातले, नव्वदीचे. तरुणपणी शिडाच्या होडीवर असत. वऱ्हाड आमच्या किनाऱ्यावरून त्यांच्याच होडीतून दिघीकडे गेलेलं. तो दिवस त्यांना का आठवतो, तर त्या दिवशी त्यांचं भाडं बुडालं असतं, ओहोटी लागत होती आणि एका पोरामुळे निघायला उशीर झाला. नवरीचा धाकटा भाऊ, आठ-नऊ वर्षांचा. बहिणीला होडीत बसवली तसा तो ‘वत्सीला नेऊ नका’ म्हणून ओरडत खडकांवरून धावत सुटला आणि कालवांच्या धारदार शिंपल्यांवर आपटला. हनुवटी फाटली. चाचांनी त्याला उचलला. रक्त थांबेना, तेव्हा नवरीनं होडीतून उतरून, गुडघाभर पाण्यात उभी राहून, आपल्या अंगाची हळद खरवडून त्याच्या जखमेत भरली. पोर तिचा पदर सोडेना. शेवटी बापानं येऊन बोटं एकेक करून सोडवली.

मॅडमनी दोन्ही जबान्या वकिलाकडून प्रतिज्ञापत्रावर घालून घेतल्या, अंगठे घेतले आणि प्रती माझ्याकडे दिल्या. दादाला मी नुसत्या देऊन येणार होतो. त्या म्हणाल्या, देऊन येऊ नको, वाचून ये. मी वाचल्या. तो ओट्यावर बसला होता, भाड्याच्या खोल्यांच्या चादरी मोजत. हिराबाईच्या जवळ्याला तो हसला. चाचांच्या जबानीत हनुवटी आली तेव्हा चादरी मोजायचा थांबला. काकांच्या हनुवटीवर खोल आडवी खूण होती, आम्ही दोघं ती बघत मोठे झालो होतो. कालवांवर पडलो एवढंच काका सांगत. ते कडक होते. आजोबा गेले तेव्हाही त्यांच्या डोळ्यांत पाणी आलेलं कोणी पाहिलं नव्हतं.

दादानं मला शेवटचा भाग परत वाचायला लावला. मग विचारलं, ‘बाबा रडत होते?’

मी म्हटलं, लिहिलंय तसं.  तो आत जाऊन चष्मा आणि पेन घेऊन आला आणि संमतीपत्र कुठे आहे म्हणाला. सही केल्यावर एवढंच बोलला की छप्पर पुढच्या वर्षी करू.

महिनाभरात आत्याचं नाव सातबाऱ्यावर लागलं: वत्सला ऊर्फ सुनंदा. १७ जानेवारीला तिनं दस्तावर अंगठा नाही, सही केली. मॅडमनी तिला डिसेंबरभर रोज दुपारी गिरवायला लावली होती. तीन धनाकर्ष झाले, प्रत्येकी तीस लाखांचे. मॅडमना काय द्यावं ते मला कळेना, म्हणून पाकीट घेऊन गेलो. त्यांनी पाकीट न उघडता परत केलं आणि पिशवीतून चिठ्ठी काढली: रिक्षा सहाशे चाळीस, झेरॉक्स एकशे बारा, हिराबाईच्या नातीला खाऊ वीस. सातशे बहात्तर रुपये त्यांनी माझ्याकडून मोजून घेतले आणि चिठ्ठीवर ‘पावले’ असं लिहून ती मला दिली.

त्या वर्षीच्या पावसाळ्यात त्या गेल्या, फार त्रास न होता. आठ वह्या त्यांनी कॉलेजला लिहून दिल्या होत्या, त्या तिथे आहेत. मी जाऊन पाहून आलो, आठही आहेत.

त्यांना शेवटचं पाहिलं ते मे महिन्यात. आत्यानं लेकीच्याच गल्लीत दोन खोल्या घेतल्या होत्या, साडेसतरा लाखांना, बाकीचे ठेवीत. ती नगरपरिषदेत घरपट्टी भरून आली होती आणि पावती मॅडमना दाखवायची म्हणून मला बरोबर घेतलं. मॅडमची नजर तेव्हा बरीच अधू झाली होती. ओट्यावर ऊन होतं. त्यांनी पावती भिंगाखाली धरून वरपासून वाचली, क्रमांक, तारीख, मालमत्ता, आणि नावाच्या ओळीवर आल्यावर भिंग तिथेच ठेवून बसून राहिल्या. आत्या उभीच होती. मॅडमनी तिला बसायला सांगितलं, वेताच्या खुर्चीवर. मी पावती फाइलला लावायला हात पुढे केला. त्यांनी तो बघितला, पण पावती दुमडून आत्याच्या हातात दिली. सहाशे चौऱ्याऐंशी रुपये, घरपट्टीपोटी, नगरपरिषदेला. भरणार: वत्सला ऊर्फ सुनंदा, मालक.